हलक्या प्रती

‘मूळ फाइल सापडत नाही.’ लाल चौकटीत पांढऱ्या अक्षरांत एवढंच वाक्य आलं आणि ते वाचून माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की चला, एक तरी वाक्य शुद्ध लिहिलंय. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझी चौतीस वर्षं गेली. घरच्या संगणकाची भाषा मी हट्टाने मराठी करून घेतली आहे आणि त्याच्या चुका काढणं हा निवृत्तीनंतरचा माझा बिनपगारी उद्योग आहे. त्यामुळे मी घाबरलो वगैरे नाही. ‘ठीक आहे’ वर टिचकी मारली. पुन्हा तेच वाक्य आलं, खाली फक्त फाइलीचा नंबर बदललेला. पुन्हा ‘ठीक आहे’. नवव्या टिचकीनंतर माझं बोट उंदरावरच थांबलं. आत स्वयंपाकघरात बायको वाटाणे सोलत होती. दाणे स्टीलच्या पातेल्यात पडत होते, मध्येच एखादा निसटून फरशीवर जात होता आणि तो शोधायला तिचा हात जमिनीवरून फिरताना बांगड्या वाजत होत्या. मंगळवार होता, सकाळचे अकरा वाजले होते, आणि आपल्या मुलीचं अख्खं लहानपण मी स्वतःच्या हाताने पुसून टाकलंय हे मला त्या क्षणी कळलं. उरलेल्या एकोणतीस वेळा मी ‘ठीक आहे’ म्हटलं, कारण त्याशिवाय ती चौकट जात नव्हती.

कॅमेरा मीच आणला होता, लेक चार महिन्यांची असताना. पण चित्रण केलं बायकोने. मी घरी असायचो कधी? छापखान्यात शाळेच्या पुस्तकांचा हंगाम सुरू झाला की सकाळी मुलगी झोपलेली असताना निघायचो आणि परत यायचो तेव्हाही ती झोपलेलीच असायची. मला बरेच दिवस ती फक्त आडवी माहीत होती. म्हणून बायको कॅमेरा धरायची. पहिलं पाऊल, पहिला दात, पहिल्यांदा स्वतःच्या हाताने कापलेले केस आणि त्यानंतरचं रडं. लेकीची आजी तिला मांडीवर घेऊन उगाच हसते आहे, अशी एक अख्खी कॅसेट आहे. आहे म्हणजे होती. अशा अडतीस कॅसेटी झाल्या. रविवारी त्या लावून मी बघायचो, म्हणजे मांडीवर मुद्रितं असायची आणि मान वर-खाली करत बघायचो. ‘बघितलंत का?’ असं बायकोने विचारलं की ‘बघितलं की’ म्हणायचो. ते अगदी खोटं नव्हतं. मी चुका शोधायच्या नजरेने बघायचो आणि चूक दिसली नाही की खाली मान घालायचो. गेल्या वर्षी कॅसेटींना बुरशी धरायला लागली तेव्हा एका दुकानातून त्या सगळ्या फाइलींत उतरवून आणल्या, आणि दुकानदार म्हणाला की आता या कॅसेटी टाकून द्या, बुरशी इतर सामानालाही लागते. मी टाकून दिल्या. त्याचं काही चुकलं नव्हतं, फाइली उत्तम उतरल्या होत्या.

मग बायकोच्या डोळ्यांचं निघालं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई समजावून सांगायला फार चांगल्या. म्हणाल्या, या दुखण्यात मधलं जातं, कडेचं राहतं. ज्याच्याकडे थेट बघाल तेच दिसणार नाही, त्याच्या आजूबाजूचं दिसेल. उजवा डोळा तसा गेल्यातच जमा होता आणि डाव्याची सुरुवात झाली होती. सहा महिने टिकेल, दोन वर्षंही टिकेल, सांगता येत नाही. त्यांनी एक चौकटीचौकटींचा कागद दिला. रोज सकाळी एक डोळा झाकून त्याच्याकडे बघायचं, रेघा वाकड्या दिसायला लागल्या की लगेच यायचं. दवाखान्याचा जिना उतरताना बायको म्हणाली, “बरं झालं, लोकांची तोंडं बघायचा कंटाळाच आला होता. आता कानांवरून ओळखायला शिकते.” मी हसलो. दोन पायऱ्या उतरल्यावर तिने माझा दंड धरला आणि म्हणाली, “मला ते सगळं एकदा बघायचंय हो. मोठ्या पडद्यावर. आई, आणि आपली बाबी. एकदा नीट बघून घेते. मग काय, आवाज आहेतच.” आयुष्यात तिने माझ्याकडे मागितलेल्या गोष्टी मोजल्या तर एका हाताची बोटं उरतील. मी त्याच आठवड्यात भिंतभर टीव्ही आणला आणि म्हणालो, नुसतं सगळं कशाला बघायचं, त्यात तासन्‌तास जमीन आणि छत आहे. मी त्यातलं चांगलं निवडून, जोडून तीन तासांचं करून देतो. कुणी सांगितलं होतं? अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

आमचा संगणक म्हातारा. ती मोठी चित्रं त्याला पेलवत नव्हती. मुलगी एक पाऊल टाकायची आणि हवेत लटकून राहायची. मग इंटरनेटवर एक शिकवणारा सापडला. दाढीवाला, हसतमुख, आणि बोलायची घाई अशी की मागे कुणी लागलंय. त्याचं म्हणणं सोपं होतं. तुमच्या जड फाइलींच्या हलक्या प्रती करा, अगदी छोट्या, दाबून बसवलेल्या. त्या हलक्या प्रतींवर सगळी कापाकापी करा. याला तो प्रॉक्सी म्हणत होता. हा शब्द ऐकून मला बरं वाटलं, कारण तो माझ्या ओळखीचा निघाला. कॉलेजात आम्ही एकमेकांची प्रॉक्सी लावायचो. जो आला नाही त्याच्या नावाने मागच्या बाकावरून ‘हजर’ म्हणायचं. मी वहीत नीट लिहून घेतलं : एक, हलक्या प्रती करणे. दोन, प्रतींवर काम करणे. तिसरं तो काहीतरी म्हणाला, पण तेवढ्यात कुकर झाला आणि बायकोने हाक मारली. चार दिवस आणि चार रात्री संगणक घरघरत होता. एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकायची, भरायची, पुन्हा रिकामी व्हायची, आणि मी खुर्चीत बसून तिच्याकडे बघत राहायचो. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं, पण काम होतंय याचं समाधान मिळत होतं. मी सगळ्यात लहान माप निवडलं होतं, कारण दाढीवाला म्हणाला होता की संगणक जुना असेल तर लाजू नका. सव्विसाव्या फाइलीला पट्टी अडली : ‘जागा शिल्लक नाही’.

तेव्हा मी जे केलं ते घाईत केलं असतं तर आज मला एवढं लागलं नसतं. मी ते अत्यंत काळजीपूर्वक केलं. छापखान्यातली पद्धतच तशी होती : शेवटचं मुद्रित मूळ हस्तलिखिताशी ओळीने ओळ ताडून बघायचं, शेवटच्या पानावर सही करायची, आणि मग हस्तलिखित रद्दीत. ठेवायचं कशाला? त्यात खाडाखोड असते, चहाचे डाग असतात. शुद्ध ते नवं, आणि नवं तेच खरं. चौतीस वर्षं मी मूळ फेकत आलो. तसंच इथे केलं. प्रत्येक हलकी प्रत छोट्या चौकटीत लावली, सुरुवात बघितली, मधलं बघितलं, शेवट बघितला, वहीत खूण केली, आणि मूळ फाइल पुसली. पंचवीस झाल्यावर जागा झाली, पुढच्या तेरा करून घेतल्या, त्यांनाही तोच न्याय लावला. मग कचरापेटीही रिकामी केली. ‘हे पूर्ववत होऊ शकणार नाही’ असं संगणकाने बजावलं तेव्हा ‘करता येणार नाही’ असं हवं होतं, एवढंच मला वाटलं. तीन आठवडे मन लावून कापलं, जोडलं. आणि मंगळवारी, आता पक्की फिल्म काढू म्हणून बटण दाबलं, तेव्हा दाढीवाल्याचं ते तिसरं मला समोर दिसलं : शेवटी हलक्या प्रती बाजूला काढायच्या आणि त्यांच्या जागी मूळ बसवायचं. हजेरी लावून झाली की वर्गात माणूस यावा लागतो.

दुपारी संगणक रिक्षात घालून दुरुस्तीवाल्याकडे गेलो. पन्नाशीचा शांत गृहस्थ, चष्मा कपाळावर. पुसलेलं परत येतं, असं ऐकून होतो. त्याने तासभर बघितलं आणि म्हणाला, “काका, पुसलं तेव्हाच आला असतात तर बरंचसं निघालं असतं. पण त्यानंतर तुम्ही त्याच जागेवर लिहिलंत. तेरा प्रती, वर तीन आठवडे काम. राहिलेलं तुकड्यातुकड्यांत आहे, जुळणार नाही.” आयत्या बिळावर नागोबा बसला होता, आणि तो मीच पाळला होता. मी विचारलं, “या लहान प्रती मोठ्या करता येतील?” तो म्हणाला, “आकार वाढेल हो. जे फेकलंय ते कुठून येणार?” त्याने पैसे घेतले नाहीत. त्यामुळे जास्तच मेल्यासारखं झालं.

सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. घरी आलो तर तिने बैठकीतली टेबलं सरकवून ठेवली होती, टीव्हीच्या समोर दोन खुर्च्या, तिची पुढे. म्हणाली, “उद्या बघायचं ना? मंगळवारी होईल म्हणाला होतात.” मी म्हणालो, “हो, उद्या.” रात्रभर हिशेब केला, की एवढंही वाईट नसेल, तिला तसंही धूसरच दिसतं. हा विचार माझ्या मनात आला हे मी लपवत नाही. तो आला, बसला, आणि मी त्याला पाणी विचारलं.

बुधवारी दुपारी पडदे ओढून आम्ही बसलो. संगणकावरच्या तळहाताएवढ्या चौकटीत जे चित्र मला नेटकं वाटत होतं, ते भिंतीवर पसरल्यावर तिथे काहीच उरलं नव्हतं. रंग होते. हिरवा फ्रॉक हिरवा होता, केसांच्या जागी काळं होतं. पण चेहरा म्हणजे गव्हाळ रंगाचे पाच-सहा चौकोन, मुलीने मान वळवली की जागा बदलणारे. लहान केलं तर स्पष्ट होईल, पण लहान तिला दिसणार नाही. आवाज तेवढा स्वच्छ होता. कॅमेऱ्यामागून बायकोचा तिशीतला आवाज येत होता, “इकडे बघ, इकडे. बाबांना हात कर.” चौकोनांतून एक चौकोन वर आला आणि हलला. बत्तीस वर्षांपूर्वी मला केलेला तो हात मी तेव्हा बघितला होता का, हे काही केल्या मला आठवेना. शेजारी बायको मान डावीकडे कलती करून बघत होती, मग उजवीकडे, मग खुर्ची पुढे घेऊन. आजीची कॅसेट आली. हसण्याचा आवाज आला, आणि मांडीवर गाठोडं घेतलेला एक तपकिरी ढीग हलत राहिला. “नाक कुठाय हो आईचं?” तिने विचारलं. “तुम्हाला दिसतंय ना?” माझ्या तोंडून ‘हं’ असं निघालं. हा कुठल्याही भाषेतला शब्द नाही. चौतीस वर्षांत तो मी एकदाही छापू दिला नसता. तिने दोन्ही डोळे चोळले, पुन्हा बघितलं आणि अगदी हळू म्हणाली, “चौकटी चौकटी दिसतायत. कागदावर तरी सकाळी रेघा सरळ होत्या.” थोड्या वेळाने म्हणाली, “बंद करा. उशीर झाला बहुतेक.” आणि मग, मला वाईट वाटू नये म्हणून, “तुम्ही जोडलंय मात्र छान.”

डॉक्टरीणबाई परगावी होत्या, सोमवारी येणार होत्या. बायकोने लेकीला फोन केला. मी खोलीच्या दारात उभा राहून ऐकत होतो. “घाबरण्यासारखं नाही गं, पण ये तू रविवारी. तुझं तोंड एकदा जवळून बघते, जेवढं दिसेल तेवढं.” झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत तिचा डोळा होता. एक वाक्य बोललो असतो तर तिला तो परत मिळाला असता, आणि आई आणि मुलगी दोघी गेल्या असत्या. मी मनाशी वाद घालत होतो : पुढेमागे डोळा जाणारच आहे, मग आज गेला असं वाटलं तर काय मोठं बिघडलं? उलट ते चेहरे पुसले गेले हे तिला कधीच कळणार नाही. आपल्याला दिसले नाहीत, पण ते आहेत, जागच्या जागी आहेत, लेकीला दिसतील, या विश्वासावर ती राहील. विचार करायला बसलं की माणसाला स्वतःच्या सोयीची करुणा बरोबर सुचते. त्यात मला चूक काढता येईना, आणि चूक निघत नसेल तर मजकूर बरोबर असतो, यावरच माझा जन्म गेला होता.

गुरुवारपासून तिने तयारी सुरू केली. रडणं नाही, काही नाही. चौकटींचा कागद ‘आता काय बघायचं’ म्हणत घडी घालून ठेवून दिला. डब्यांना वेगवेगळे धागे बांधले : साखरेला लोकर, मिठाला सुतळी. पातेली एकात एक घातली. आणि मग डोळे मिटून घरात चालायला लागली. पलंगापासून दारापर्यंत सहा, दारापासून ओट्यापर्यंत अकरा, ओट्यापासून मोरीपर्यंत चार. आकडे मोठ्याने म्हणायची, चुकली की परत पलंगापासून. मी खुर्चीत पेपर धरून बसायचो. तिची बोटं भिंतीवरून जाताना चुन्यावर खसखस आवाज यायचा आणि तो जवळ येताना माझे खांदे आपोआप आखडायचे. कपाटाचं दार मी उघडं ठेवलं होतं, त्यावर ती आपटली. “जपून,” मी म्हणालो. “जपूनच चाललेय,” ती म्हणाली, “पण तुम्ही दारं लावत जा आता.” त्या दिवसापासून मी दारं लावायला लागलो. शुक्रवारी तिने मला बोलावून समोर उभं केलं, डोळे मिटले आणि माझा चेहरा हातांनी चाचपला. कपाळ, भुवया, नाक, दाढीचे खुंट. तिची बोटं वाटाण्याच्या सालीने हिरवट झालेली होती. “नाक वाढलंय तुमचं,” ती म्हणाली, “एवढं नव्हतं.” खाई त्याला खवखवे. मी मान मागे घेतली आणि मोरीत जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

शनिवारी सकाळी ती तोच रस्ता गरम चहाचे कप घेऊन करायला निघाली. अकरा पावलं उलटी, ओट्यापासून दाराशी बसलेल्या माझ्यापर्यंत. डोळे घट्ट मिटलेले, कपाळावर आठ्या, ओठांवर आकडे. “सात. आठ.” चहा बशीत हिंदकळत होता. बासष्ट वर्षांची बाई, एखादं पोर चालायला शिकतं तसे पाय फाकवून येत होती. आता कुणी कॅमेरा धरलेला नव्हता, आणि मी पहिल्यांदा मान खाली न घालता बघत होतो. “नऊ,” ती म्हणाली.

“डोळे उघड,” मी म्हणालो.

“थांबा हो, दोनच राहिली.”

“उघड म्हणतो ना. तुझे डोळे ठीक आहेत. म्हणजे होते तसेच आहेत. ते चित्रच तसं आहे. मलाही नाक दिसलं नाही. कुणालाच दिसणार नाही. मूळ फाइली मी पुसल्या.”

तिने डोळे उघडले. कप खाली ठेवले आणि बसली. दाढीवाला, हलक्या प्रती, जागा शिल्लक नाही, दुरुस्तीवाला, सगळं मी एका दमात सांगितलं, कुठे स्वल्पविराम नाही की काही नाही. ती माझ्या कानाकडे बघत ऐकत होती. मला बघायचं तर तिला तिथेच बघावं लागतं. “म्हणजे तुम्हालापण चौकटी दिसल्या?” “हो.” “आईच्या जागी नुसता तपकिरी ढीग?” “हो.” आणि ती हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायला ती पदर शोधत राहिली. मी तिला इतकं हसताना कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. तशीच उठली, फोन घेतला, लेकीला लावला आणि ओरडून म्हणाली, “अगं बाबी, माझे डोळे चांगले आहेत! काही झालेलं नाही! तुझ्या बाबांनी तुझं सगळं लहानपण पुसून टाकलंय!”

पलीकडून लेक काहीतरी म्हणाली. बायको ऐकत होती आणि तिचं हसू जागच्या जागी थांबत गेलं. “हो,” ती म्हणाली. “नाही, एकही नाही. आजीचंही नाही.” पलीकडून लेक बोलत राहिली. “ये तू. तरीही ये.” तिने फोन टेबलावर ठेवला, टीव्हीच्या समोरची आपली खुर्ची वळवून माझ्याकडे केली आणि बसली. चहावर साय धरली होती. आता ती आईचं विचारेल, बाबीचं विचारेल, आणि जे विचारेल ते ऐकून घ्यायला मी तयार होतो. चार दिवस मी त्याचीच तयारी केली होती.

“तुम्हाला कळलं कधी?” तिने विचारलं.

“मंगळवारी.”

“म्हणजे आपण बघायला बसलो त्याच्या आधी.”

“हो.”

ती बोटांवर दिवस मोजायला लागली. गुरुवार, शुक्रवार, आज. मग उजवा हात डाव्या दंडावर, कपाटाचं दार लागलं होतं तिथे नेऊन ठेवला.

“मी दारावर आपटले,” ती म्हणाली, “आणि तुम्ही ‘जपून’ म्हणालात.”